शिकवण्याची चेष्टा

कीर्तनाला आलेली माणसं बुवांना जोखतात, पण ते जोखणं तोंडावर कुणी सांगत नाही. डॉक्टर नीरजाला तिच्या विद्यार्थ्यांनी जोखलं ते मात्र रीतसर कागदावर, आणि तो कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता.

नीरजा मूळची कराडची. नवऱ्याची, विश्वेशची, बँकेतून बनारसला बदली झाली तेव्हा तिनं तिकडचा चालता दवाखाना सोडला आणि इथल्या एका मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी शिकवायला लागली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस, असं माहेरचे म्हणाले. तिला ते पटलं नाही. रोगी बरा करणं मोठं काम खरंच; पण रोगी बरे करणारी पोरं घडवायची हे तिच्या मनानं घेतलं होतं, आणि नीरजाच्या मनानं एकदा घेतलं की देवानंसुद्धा बाजूला सरून वाट द्यावी.

"बैठिए, नीरजा जी," विभागप्रमुख शुक्ल सर म्हणाले. माणूस मऊ, आवाज त्याहून मऊ. "बच्चों का फीडबैक आया है. विषय का ज्ञान, उत्तम. समय की पाबंदी, उत्तम. और बात समझ में आती है कि नहीं..."

पुढचं त्यांनी वाचलं नाही. कागद नुसता तिच्याकडे वळवला. त्या ओळीतला आकडा सगळ्यांच्या तळाशी बसला होता.

"अब किडनी आपके पास है. उसके बाद फिर फीडबैक होगा. तब भी यही रहा, तो लेक्चर मुझे किसी और को देने पड़ेंगे. आप प्रैक्टिकल देख लीजिएगा."

म्हणजे वर्ग गेला. फळा गेला. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या मांडायच्या आणि पोरांच्या वह्यांवर सह्या करायच्या. त्यासाठी का दवाखाना सोडला होता?

कागदाच्या खालच्या अंगाला कुणीतरी तिरप्या अक्षरात एक वाक्य लिहिलं होतं. ते वाचलं आणि तिच्या कानशिलांत झाँ झाँ व्हायला लागलं.

"मैडम पढ़ाने की बहुत चेष्टा करती हैं."

नीरजाची हिंदी सिनेमाच्या गाण्यांतून आलेली. तिनं मनात सरळ मराठी केलं: मॅडम शिकवण्याची फार चेष्टा करतात! शिकवण्याची टिंगल करतात!

आता खरं सांगायचं तर तिला वर्गात विनोद करायची सवय होतीच. हृदयाला सुट्टी नसते हे सांगताना तिनं सासूबाईंचा दाखला दिला होता, आणि फुप्फुसं फुगतात कशी हे सांगताना विश्वेशच्या मामांचा. पोरं हसली होती. म्हणजे ती टिंगल समजून हसली?

संध्याकाळी विश्वेशनंही ते वाक्य तसंच वाचलं. "तरी मी म्हणत होतो," तो म्हणाला, "विनोद जरा बेतानं."

"तू कधी म्हणाला होतास?"

"मनात."

दुसऱ्या दिवसापासून तिनं व्याख्यानातले विनोद तांदळातल्या खड्यांसारखे निवडून फेकले. दाखले फेकले, हसू फेकलं, पोरांना नावानं हाक मारणंसुद्धा फेकलं. उरला तो निव्वळ विषय, कोरडा ठणठणीत. वर्ग असा गप्प झाला की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. पहिल्या बाकावर रुची नावाची गाझीपूरची एक मुलगी बसायची. तिनं तास संपल्यावर हळूच विचारलं, "मैम, तबीयत तो ठीक है न?"

"एकदम ठीक," नीरजा इतक्या करड्या आवाजात म्हणाली की त्या पोरीनं पुन्हा तोंड उघडलं नाही.

नीरजा आणि विश्वेश दूधविनायकच्या गल्लीत वेणीमाधवबुवांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत. बुवांच्या घराण्यात कीर्तन पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. त्यांची बायको लीलाकाकू शेजारच्याच गल्लीत जन्मली, गंगेच्या पाण्यावर वाढली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि बोलताना दोन्हींची मिसळ एकाच वाटीत.

त्या वर्षी वैशाखभर ब्रह्मा घाटावरच्या देवळात संध्याकाळी बुवांचं कीर्तन होतं. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळीही पायांना चटके द्यायचा, पण पेटीवर सूर धरला आणि तबल्यावर पहिली थाप पडली की उन्हाळा कुठच्या कुठे जाई. बुवांनी त्या दिवशी पूर्वरंगाला स्वतः रचलेलं ध्रुवपद घेतलं होतं: "धर माझा हात देवा, वाट ही अरुंद." ते आळवता आळवता त्यांचा गळा असा ओला झाला की मागच्या भिंतीशी टेकलेल्या म्हाताऱ्याही झुलायला लागल्या. मध्यंतरात बुक्का लागला. मग उत्तररंगात एका भोळ्या नावाड्याचं आख्यान: रात्र, वादळ, फुटकी नाव, आणि तोंडी नाम. नीरजा डोळे पुसत ऐकत होती. घटकाभर ती कॉलेज विसरली, कागद विसरली. नामाचं बळ म्हणतात ते हेच असावं.

आरती झाली, प्रसाद वाटला, आणि बुवा गर्दीतून नाहीसे झाले. नीरजाला ते दिसले देवळाच्या दाराशी, खांबाआड, वाकून चपला शोधत असल्यासारखे. त्यांच्या चपला तर समोरच होत्या.

"बुवा, तुमच्या इथे आहेत."

"शूः," बुवा म्हणाले.

खांबापलीकडे दोन आजीबाई आपापल्या वहाणा धुंडाळत होत्या.

"आज गळा काय लागला होता हो!"

"गळा लागला. पण तो नावाडी शेवटी पैलतीराला पोचला की नाही?"

"तुम्हाला डुलकी लागली होती, माई."

"तुम्ही जाग्या होतात ना? मग सांगा."

"अं... पोचलाच असेल. देव काय बुडवतोय?"

बुवांचा चेहरा उतरला. "पोचला होता हो," ते नीरजाला कुजबुजले, "पण मी तानेच्या नादात सांगायचंच विसरलो. नाव मधल्या धारेत सोडून आरती लावली! वैशाख संपायच्या आत पोचवतो."

"तुम्ही रोज असं ऐकता?"

"समोर सगळे 'वा बुवा, वा बुवा' करतात, बेटा. खरं काय ते चपलांपाशी कळतं."

घरी परतताना गल्लीत नीरजाला राहवलं नाही. "तुम्हाला निदान चोरून ऐकावं लागतं, बुवा. मला माझ्या पोरांनी लिहूनच दिलंय. मी म्हणे शिकवण्याची चेष्टा करते." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

लीलाकाकू चालता चालता थांबल्या. "काय शब्द लिहिलाय? चेष्टा?"

"हो."

काकू अशा हसत सुटल्या की गल्लीत बसलेल्या गाईनं मान वर करून पाहिलं. "अगं बाई, ही इथली चेष्टा! इथं चेष्टा म्हणजे कोशिश, प्रयत्न. तू उगीचच परेशान झालीस. माझं उलटं झालं होतं. लग्नाआधी मी साताऱ्याला मावसबहिणीकडे कार्याला गेले. तिच्या सासूबाईंना अदबीनं म्हटलं, मी पुरणपोळीची चेष्टा करते हं! त्या माउलीनं कार्य उरकेपर्यंत मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही!"

नीरजा रडता रडता हसली. छातीवरचा धोंडा उतरला. "म्हणजे पोरांनी कौतुकच केलंय की माझं! मॅडम फार प्रयत्न करतात, असं..."

काकू हसत होत्या. बुवा हसत नव्हते.

"अख्खं वाक्य पुन्हा म्हण बघू."

"मैडम पढ़ाने की बहुत चेष्टा करती हैं."

बुवांनी ते शब्द स्वतःशी पुटपुटून पाहिले. मग म्हणाले, "बेटा, बनारसचा माणूस आवडत्या लस्सीवाल्याबद्दल असं म्हणत नाही, की हा लस्सी बनवण्याची फार चेष्टा करतो."

नीरजाच्या ओठांवरचं हसू तिथंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. टिंगलीचा आरोप परवडला असता. तो खोटा होता. हा खरा होता. मॅडम धडपडतात बिचाऱ्या, पण शिकवणं काही होत नाही.

"तुम्ही पण ना!" काकू बुवांवर करवादल्या. "पोरगी जरा हसली होती."

"नाही काकू," नीरजा म्हणाली. "बुवा बरोबर बोलले. माझी नाव चालते, पण पैलतीर राहतो." तिनं पदरानं डोळे कोरडे केले. "किडनी अजून माझ्याकडे आहे. ती मी पोचवणार. कशी ते मला आत्ता ठाऊक नाही. पण पोचवणार."

काकूंचा वैशाखस्नानाचा नेम होता. सकाळी नीरजा त्यांची पिशवी धरायला सोबत गेली. घाटाकडे उतरणारी गल्ली इतकी चिंचोळी की खाली जाणारे आणि वर येणारे एकमेकांना घासूनच जातात. उन्हं वर यायच्या आतच उकाडा मी म्हणत होता. खाली जाणारी माणसं घामानं निथळत होती. वर येणाऱ्या बाया एका हातात पाण्याचा डबा सांभाळत पिशवीतले खारे फुटाणे मूठमूठ वाटत येत होत्या, भिकाऱ्यांना, पोरांना, ओट्यावरच्या माकडांनाही. एकीनं काकूंपुढे मूठ धरली तशी काकू मागं सरल्या.

"अभी नहीं. अजून आंघोळ नाही झाली माझी. पारोशानं तोंडात काही घालू का?"

"मग त्यांच्या डब्यातलं घोटभर पाणी तरी घ्या. किती घाम आलाय!" नीरजा म्हणाली.

"ते गंगाजळ आहे, खुळे. झाकण सील केलेलं. देवघरात जायचंय ते. थेंबभर देणार नाहीत."

नीरजा गल्लीच्या मधोमध उभीच राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे बहनजी, सो गईं क्या?" तिला ऐकू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे मूत्रपिंड उभं होतं.

मूत्रपिंडात केसाहून बारीक नळ्या असतात. त्या खोल खाली उतरतात, तळाशी वळतात आणि शेजारूनच वर येतात. खाली जाणारी नळी पाणी बाहेर सोडते, पण मीठ आत घेत नाही. वर येणारी मीठ बाहेर टाकते, पण पाणी सोडत नाही. त्यामुळे मधली जागा खाली खाली खारट होत जाते, आणि त्याच खारटपणाच्या जोरावर शरीर पाणी वाचवतं. दर वर्षी पोरं हे घोकतात आणि दर वर्षी विसरतात. आणि इथं अख्खी गल्ली रोज सकाळी तेच करत होती! पारोसे उतरणारे फुटाणे घेत नव्हते, नुसता घाम गाळत होते. न्हालेले चढणारे फुटाणे वाटत होते आणि पाणी झाकणबंद ठेवत होते. पिशव्या घाटापाशी भरलेल्या, म्हणून फुटाण्यांचा सडाही तिथंच दाट; वर येईतो रिकाम्या.

घरी पोचल्यावर काकूंच्या लक्षात आलं की त्या घाटावरून दुसरीच्याच चपला घालून आल्या. कुरकुरत त्या पुन्हा त्याच गल्लीतून खाली गेल्या आणि लालबुंद होऊन परतल्या. नीरजाचं लक्ष नव्हतं. ती कागदावर गल्ली काढत होती.

तिनं ते व्याख्यान विश्वेशला म्हणून दाखवलं, काकूंना म्हणून दाखवलं. विश्वेशनं चहा पीत "छान" म्हटलं तेव्हा तिनं कप काढून घेतला. "छान नको. काय कळलं ते सांग." त्याला अर्धंच सांगता आलं. तिनं सगळं फाडून पुन्हा बांधलं.

आणि वर्गात ती मूळच्या नीरजासारखी उभी राहिली. फळ्यावर गल्ली काढली, पारोशी माणसं काढली, फुटाणेवाल्या बाया काढल्या, माकडसुद्धा काढलं. मग ध्रुवपद लिहिलं:

"उतरने वाला पानी छोड़े, नमक न ले, चढ़ने वाला नमक बाँटे, पानी न दे."

पोरांनी ते एका सुरात म्हटलं. मागच्या बाकांवर हशा पिकला. तास संपला तेव्हा नीरजाचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग तिला चपला आठवल्या. कॉलेजात कोण चपला काढतं? पण सायकल स्टँड होता. ती तिथल्या कडुनिंबाआड जाऊन पर्समध्ये स्कूटीची किल्ली शोधत राहिली. किल्ली तिच्या हातातच होती.

रुची आली, आणि तिच्यामागून अनिश नावाचा उंचेला मुलगा.

"आज मैम फॉर्म में थीं," रुची म्हणाली.

"गली वाली बात एक नंबर. पर एक चीज़ बता. ऊपर आते-आते सबका थैला खाली, मतलब पानी ही पानी, नमक कम. है न?"

"हाँ."

"तो पेशाब गाढ़ा कहाँ हुआ? ये तो पतला हो गया!"

रुचीनं सायकलचं कुलूप हातात धरून विचार केला. "ये तो मैम ने बताया ही नहीं."

"किताब में होगा."

"किताब से ही समझ में आता तो मैम को काहे सुनते?"

सायकली निघून गेल्या. नीरजा झाडाला टेकली. वर्मी लागलं होतं, अगदी वर्मी. तानेच्या नादात नावाडी मधल्या धारेतच राहिला की! गल्लीच्या कौतुकात ती शेवटची नळीच विसरली होती, जी वरून निघून पुन्हा त्याच खारट जागेतून खाली जाते. पाणी वाचतं ते तिथंच. पण आता पुन्हा त्याच गल्लीतून खाली कोण जाईल? एकदा न्हालेला माणूस...

आणि ती एकटीच मोठ्यानं हसली. काकू! लालबुंद लीलाकाकू!

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्या शिरल्या ती म्हणाली, "कल मेरी नाव बीच धार में रह गई थी. गलती मेरी थी. आज किनारे लगाती हूँ." आणि तिनं फळ्यावर तिसरं माणूस काढलं: घरी पोचल्यावर चपला बदलल्याचं कळलेली एक काकी. काकी पुन्हा त्याच गल्लीतून खाली निघते. जितकी खाली, तितकी गल्ली खारट. खारटपणा तिच्या अंगातलं पाणी ओढतो. मात्र दरवानानं झरोके उघडले तरच. आणि तो दरवान म्हणजे मेंदूकडून आलेलं संप्रेरक. शरीर तहानलेलं असलं की तो झरोके उघडतो, पाणी शरीरात परत जातं, आणि काकी घाटावर पोचते ती अगदी आटून. तेच दाट मूत्र.

एरवी ती इथं "समझ में आया?" विचारायची आणि पोरं "यस मैम" म्हणायची. आज तिनं खडू अनिशच्या हातात दिला. "आखिरी बेंच को तुम समझाओ." आणि स्वतः पहिल्या बाकावर रुचीशेजारी जाऊन बसली.

अनिश गडबडला. त्यानं चढणाऱ्याकडून पाणी वाटवलं. रुची ताडकन उठली. "अरे, सील्ड डिब्बा है, गंगाजल है! कैसे देगा?" मागचे ओरडले, पुढचे ओरडले, कुणी तरी काकीला लिफ्ट द्या म्हणालं. त्या गोंगाटात एकदा, दोनदा, गल्ली चढून उतरून झाली. तरीही शेवटच्या बाकावरचा एक मुलगा डोकं खाजवत होता. नीरजा त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तास संपल्याची घंटा झाली तरी उठली नाही.

पुढची सगळी किडनी तिनं अशीच ओढून नेली. रोज सायकल स्टँड, रोज किल्ली. कधी कौतुक कानी यायचं, कधी चिमटा. एकदा तर "मैम की चाबी रोज़ खो जाती है" हेही ऐकलं. चिमटा ऐकला की रात्रीतून व्याख्यान उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, हा तिनं नेमच केला, काकूंच्या स्नानासारखा.

वैशाख संपता संपता शुक्ल सरांनी बोलावलं. नीरजानं मनात देवाचं नाव घेतलं आणि कागद हातात घेतला. "समझ में आती है" ची ओळ शिखरावर नव्हती, पण तळाचा चिखल तिनं केव्हाच सोडला होता.

"लेक्चर आपके पास ही रहेंगे," सर म्हणाले. मग चष्मा वर करून, "एक बात पूछूँ? पाँच-छह बच्चों ने लिखा है, काकी की चप्पल मिली कि नहीं. ये क्या मामला है?"

नीरजाचं तिकडे लक्षच नव्हतं. तिची नजर कागदाच्या खालच्या अंगाला गेली होती. तेच तिरपं अक्षर. वाक्य मात्र या वेळी आखूड होतं.

"मैडम पढ़ाती हैं."

बस्स. "बहुत" नाही, "चेष्टा" नाही. तिनं ते तीन शब्द पुन्हा पुन्हा वाचले, जपमाळेचे मणी ओढावेत तसे.

वैशाखाची समाप्ती दोन दिवसांवर आली होती आणि त्या संध्याकाळी बुवांनी नावाड्याचं आख्यान पुन्हा लावलं होतं. देवळाच्या पायऱ्या चढता चढता नीरजानं काकूंना ते वाक्य सांगितलं.

"गेली ना ती इथली चेष्टा?" काकूंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "आता वर्गात आपली मराठी चेष्टा हवी तेवढी कर. पण माझ्या चपला पुरे झाल्या हं!"

कीर्तन रंगलं. नाव डुलली, बुडता बुडता सावरली, आणि बुवांनी तान आवरती घेऊन नावाड्याला हाताला धरून पैलतीरावर उतरवलं. श्रोत्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. आरती झाली, आणि बुवा आणि नीरजा दोघंही खांबाआड जाऊन वाकून उभे राहिले.

"पोचला हो एकदाचा नावाडी," माई वहाण चढवत म्हणाल्या.

बुवांनी डोळे मिटून हात जोडले.

"पण आज तबला जरा जास्तच झाला, नाही?"

बुवांनी एक डोळा उघडून नीरजाकडे पाहिलं.

"उद्या बघू," दोघं एकदमच म्हणाले.